आधी हवा, मग डिझेल

जुनी सफारी घेऊन माणसं येतात आणि बोनेट उघडायच्या आत सांगतात, "कसारा घाट तिसऱ्यात चढायची हो, आता दुसऱ्यात टाकावी लागते. पंप जरा वाढवून द्या." मी नाशिकला डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. पंप वाढवून देण्यावरच माझं घर चालतं, तरी मी स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावतो. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीने कंपनीने दिलेली ताकदच कुठेतरी सांडलेली असते. ती आधी गोळा करायची, वरची मागणी त्यानंतर.

सफारी ही पुण्यात बनलेली गाडी, 1998 ची. पहिलं इंजिन 1948 सीसीचं, टर्बो आणि इंटरकूलरवालं, सुमारे 90 अश्वशक्तीचं. गाडीचं वजन मात्र दोन टनांच्या आसपास. कॉमन रेल आलं ते 2005 च्या डायकोरबरोबर. त्याआधीच्या गाडीत लॅपटॉप लावून काही होत नाही. जे करायचं ते पान्याने आणि कानाने.

गाडी आली की मी आधी टायर बघतो. किल्ल्यांच्या वाटा, नदीपात्र, चिखल यांत जाणारी मंडळी मोठे टायर हौसेने बसवतात. 29 इंचांच्या जागी 32 इंची टायर आला की घेर दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सगळेच गिअर तेवढे लांबतात. इंजिन होतं तेवढंच राहतं, चढाला मात्र जीव कमी पडतो. वर स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो. अशा गाडीचा पंप वाढवणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

मग हवा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण क्लॅम्पखाली चिरलेले असतात. एका टोकाला बूच मारायचं, दुसरीकडून बेताची हवा भरायची आणि साबणाचं पाणी सोडायचं. जिथे फुगे येतात तिथे तुमची ताकद चाललेली असते. टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर सहज तापते. तिला थंड करून दाट करणं हे इंटरकूलरचं काम, आणि चिखलात फिरणाऱ्या गाडीत त्याची जाळी मातीने बुजलेली असते. ती आतून तेल काढून, बाहेरून पाण्याने धुतली आणि एअर फिल्टर नवा टाकला, एवढ्यानेच कित्येक गाड्या पुन्हा घाट चढायला लागतात.

नोझलचं काम मला मनापासून आवडतं. नोझल टेस्टरवर लावायचं आणि हातातला दांडा दाबायचा. चांगलं नोझल घुरघुरतं आणि डिझेलचं धुकं सोडतं. दांडा सोडला की टोक कोरडं. थकलेलं नोझल गप्प राहतं, एका बाजूला पिचकारी मारतं आणि टोकावर थेंब लोंबकळत ठेवतं. तो थेंब नीट जळत नाही, त्याचा धूर होतो. आतली स्प्रिंग सैल पडल्याने नोझल ठरलेल्या दाबाआधीच उघडतं. पत्र्याची चकती घालून दाब पुन्हा बसवता येतो, पण टोक झिजलं असेल तर नवंच टाकावं. ज्या शहरात मायको कंपनीच्या नावाचं सर्कल आहे आणि जिथे नोझल बनतात, तिथे कुणी जुनं घासूनपुसून वापरावं हे मला पटत नाही.

एवढं झालं की पंप. अशा टर्बो इंजिनांवर बॉशच्या व्हीई जातीचा फिरता पंप असतो. इंग्लंडच्या लँड रोव्हरच्या 300 टीडीआय इंजिनावरही तोच. पंपाच्या डोक्यावर टोपी असते आणि तिच्यात रबरी डायफ्राम. टर्बोचा दाब एका बारीक नळीतून टोपीत येतो, डायफ्राम खाली जातो, त्याच्याखालची निमुळती दांडी सरकते आणि डिझेल वाढतं. ही बारीक नळी तडकली किंवा डायफ्राम फाटला तर टर्बो कितीही शिट्टी वाजवो, पंपाला त्याचा पत्ताच लागत नाही. गाडी धूर न काढता मठ्ठ होते. कितीतरी जणांनी पंप वाढवायला आणलेल्या गाडीला फक्त ही हातभर नळी हवी असते!

डायफ्राम फिरवून दाबाबरोबर डिझेल किती झपाट्याने वाढावं ते बदलता येतं. फिरवण्याआधी मूळ जागी खूण करून ठेवा. मागचा फुल लोडचा स्क्रू वेगळा. तो एकदम पाव आटासुद्धा फिरवायचा नाही, त्याहून कमीच. आयडलिंग चढतं, ते नंतर उतरवून घ्यावं लागतं.

काळा धूर निघाला की काही जण खूश होतात. मला ते बघवत नाही. तो न जळलेला कार्बन आहे. हवेला पेलवेल त्याहून जास्त डिझेल गेलं एवढाच त्याचा अर्थ. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीला 65 हार्ट्रिज युनिटपर्यंत धूर चालतो, पण मागून दुचाकीवर येणाऱ्याच्या तोंडात जातो तो धूरच. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी पुन्हा फिटनेसला उभी करावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

खरा धोका उष्णतेचा. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवा. लांब चढावर काटा 700 अंशांच्या वर टिकू देऊ नका. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम त्याच्या बरंच आधी मऊ पडतं; ते वाचतं कारण तेल आणि पाणी उष्णता ओढून नेत असतं. काटा चढायला लागला तर पाय उचला, खालचा गिअर टाका. आणि घाट संपल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं.

इतकं करूनही सफारी हलक्या गाडीसारखी पळणार नाही. तिने भरलेल्या सामानासह कसारा घाट न तापता, न धुमसता चढावा, एवढीच अपेक्षा ठेवा. आणि पायरोमीटर न लावता कुणी तुमच्या पंपाचा स्क्रू फिरवायला बसला, तर किल्ली मागून घ्या आणि गाडी घरी आणा.