फेंटनची काच आणि तिच्यामागचे हात

अमेरिकेत जुनी काचेची भांडी जमविण्याचा छंद मोठा आहे आणि त्यांत फेंटन हे नाव मानाचे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना या छंदाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण भांडे कपाटात जाऊन बसले की ते कोणी घडविले याचा विसर पडतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

फ्रँक फेंटन व त्याचा भाऊ जॉन यांनी १९०५ साली ओहायो राज्यातील मार्टिन्स फेरी येथे धंदा मांडला, तेव्हा त्यांच्यापाशी भट्टी नव्हती. दुसऱ्यांकडून कोरी भांडी घ्यायची, रंगवायची आणि विकायची, एवढेच काम. कोरा माल देणाऱ्यांनी हात आखडला, तेव्हा स्वतः काच वितळविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ओहायो नदीकाठी, वेस्ट व्हर्जिनियातील विल्यमस्टाऊन येथे जानेवारी १९०७ मध्ये त्यांची पहिली काच निघाली. त्या मुलखात नैसर्गिक वायू मुबलक, त्यामुळे जळण स्वस्त. (आपल्या तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, म्हणजे जवळजवळ त्याच वयाचा.)

त्याच वर्षाअखेर त्यांनी साच्यात दाबलेल्या गरम काचेवर धातूंच्या क्षारांचे पाणी फवारून इंद्रधनुष्यासारखी झळाळी आणली. टिफनीची झळाळती काच श्रीमंतांची; ही चार-दोन सेंटांत साध्या घरी गेली. फॅशन ओसरल्यावर असला माल जत्रांतील खेळांत बक्षीस म्हणून वाटला गेला, म्हणून पुढे छंदिष्टांनी तिला 'कार्निव्हल', म्हणजे जत्रेची काच, असे नाव दिले.

आता काम कसे चाले ते पाहा. एकटा कारागीर काही करीत नसे. टोळी असे, तिला 'शॉप' म्हणत. एकजण भट्टीतून रसाचा गोळा उचली, दुसरा तो साच्यात दाबी, तिसरा गरम आहे तोवर कडा वळवी, आणि पोरे ते भांडे सावकाश निवण्याच्या भट्टीकडे पळवीत नेत. ही पोरे किती लहान असत, ते लुइस हाइन याने १९०८ साली त्याच राज्यातील काच कारखान्यांत घेतलेल्या छायाचित्रांत दिसते. कारागिरांची संघटना १८७८ पासूनची, अमेरिकन फ्लिंट ग्लास वर्कर्स युनियन. अर्ध्या पाळीत अमुक भांड्याचे किती नग काढायचे, हा आकडा ती मालकांशी बसून ठरवी. त्याला 'मूव्ह' म्हणत. नगावर मजुरी घेणाऱ्या आमच्या बांधवांना या आकड्याची किंमत सांगायला नको. तो मालकाच्या हाती राहिला, तर चलाख कारागिराचा वेगच उद्या सगळ्यांच्या गळ्याचा फास होतो.

मंदीच्या दशकात कारखाना कसाबसा तगला. १९३८ साली उठावदार गाठींच्या नक्षीची अत्तराची बाटली चालली आणि त्याला हात मिळाला. १९४८ साली फ्रँक वारला. मुलांनी कारभार घेतला. १९५२ पासून तीच गाठींची नक्षी दुधी काचेत घरोघर पोहोचली.

१९७० पासून भांड्यांच्या बुडाशी लंबवर्तुळात 'फेंटन' हे नाव उमटू लागले. हाताने रंगविणाऱ्या कारागीर आपलीही सही करीत, आणि तशा सहीचे भांडे छंदिष्ट आवर्जून शोधतात. गोळा उचलणाऱ्याची व साचा दाबणाऱ्याची सही कोठेच नाही. २०११ साली विल्यमस्टाऊनच्या भट्ट्या विझल्या.