अक्षराच्या पोटातील सोनेरी रेषा
घरच्या संगणकावर पत्रिकेचे मंगलशीर्षक सजविताना

दुकानाचे उद्घाटन असो, विवाह असो वा पर्युषणानंतरचे क्षमापनापत्र. जैन घरातील पत्रिकेचा आरंभ मंगलाक्षरांनीच होतो. पूर्वी हे शीर्षक छापखान्यातील कलाकार हाताने रेखाटीत असे. आता बहुतेक घरांतील तरुण मंडळी ते संगणकावर स्वतः तयार करतात. जाड अक्षराच्या पोटातून बारीक सोनेरी रेषा फिरविण्याची, म्हणजेच ‘इनलाइन’ सजावटीची त्यांना विशेष आवड आहे.

अक्षर सजविणे आपल्या परंपरेला नवे नाही. पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या काही पोथ्यांत रंगीत भूमीवर सुवर्णाच्या शाईने अक्षरे लिहिलेली आढळतात. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरून त्या खाचेत काजळी भरीत असत. लेखकाचा हात कितीही कुशल असला, तरी शुद्ध पाठाला सजावटीहून अधिक मान होता.

संगणकावरही प्रथम पाठ शुद्ध उमटतो की नाही हे पाहावे. ‘सिद्धाणं’ हा शब्द त्याची उत्तम कसोटी आहे. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय निवडलेली नसेल, तर वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि ‘द्ध’ हे जोडाक्षर फुटते. गिम्प या विनामूल्य प्रणालीत देवनागरी सहसा नीट जुळते. फॉन्ट युनिकोडचा आणि सर्वत्र सारख्या जाडीचा असावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘बालू’ हा मुक्त फॉन्ट या कामास योग्य आहे.

गिम्पमधील कृती सोपी आहे. पत्रिकेचे चित्र इंचाला 300 पिक्सेल या प्रमाणात उघडावे. शीर्षक लिहून त्या थरावर ‘अल्फा टू सिलेक्शन’ द्यावे, म्हणजे अक्षराची कड निवडली जाते. ‘श्रिंक’ या आज्ञेने ती निवड आत ओढावी. अक्षराचा दंड 60 पिक्सेल जाड असेल आणि निवड 26 पिक्सेल आत घेतली, तर दोन्ही बाजूंचे मिळून 52 पिक्सेल वजा होऊन मधोमध 8 पिक्सेलची पट्टी उरते. नव्या पारदर्शक थरावर तिच्यात सोनेरी रंग भरला की रेषा तयार होते.

फोटोशॉपच्या अलीकडील आवृत्त्यांत एकाच थराला दोन ‘स्ट्रोक’ देता येतात. दोन्हींची जागा ‘इनसाइड’ ठेवावी. वरचा 14 पिक्सेलचा, अक्षराच्याच रंगाचा. खालचा 18 पिक्सेलचा, सोनेरी. वरचा खालच्याला झाकतो आणि 4 पिक्सेलची सोनेरी रेषा कडेला समांतर फिरते. येथे मजकूर जिवंत राहतो. ऐनवेळी नाव वा तिथी बदलली तरी सजावट पुन्हा करावी लागत नाही. गिम्पमध्ये मात्र रेषेचा थर नव्याने घडवावा लागतो.

खरी सावधगिरी अनुस्वाराची. 26 पिक्सेल आत ओढताना 40 पिक्सेल व्यासाचा बिंदू निवडीतून पूर्णपणे नाहीसा होतो. मूळ अक्षराचा थर खाली आहे तोवर बिंदू दिसत राहतो. पण केवळ रेषेचाच थर ठेवून शीर्षक केले, तर ‘अरिहंताणं’ या शब्दातील दोन्ही अनुस्वार गळतात. हजार प्रती छापून झाल्यावर ही चूक ध्यानी आली, तर खर्च तर वाया जातोच, शिवाय पवित्र पाठ अशुद्ध रूपात घरोघरी पोहोचतो. बिंदूसाठी निवड कमी आत घ्यावी किंवा तो रेषेच्या थरावर हाताने काढावा.

रेषेची जाडीही छपाईच्या दृष्टीने पाहावी. 300 च्या प्रमाणात 4 पिक्सेल म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. याहून बारीक फिकी रेषा गडद रंगात बुजण्याचा संभव असतो. म्हणून एक नमुना प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून तो घरातील वडीलधाऱ्यांकडून वा पाठाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि मगच छापखान्यास होकार द्यावा.

पत्रिका समारंभानंतर बहुधा रद्दीत जाते, पायदळीही येते. ज्ञानाची आशातना टाळण्यासाठी अनेक कुटुंबे संपूर्ण मंत्राऐवजी केवळ मंगलचिन्ह छापतात किंवा पत्रिका मोबाइलवरच पाठवितात. तेथेही अक्षर शुद्ध असावे. श्रुतपंचमीला वा ज्ञानपंचमीला ग्रंथापुढे हात जोडणाऱ्या घराने आपल्या पत्रिकेतील बिंदूही तितक्याच आदराने जपावा.