नोंदणी-प्रमाणपत्र, इलेक्ट्रॉनीय
बौद्धिक संपदेची नोंदणी झाल्याचा जो दाखला नोंदणी कार्यालय कागदाऐवजी संगणकीय स्वरूपात देते, त्यास इलेक्ट्रॉनीय नोंदणी-प्रमाणपत्र म्हणतात. एकस्व म्हणजेच पेटंट, अभिकल्प, व्यापारचिन्ह व भौगोलिक उपदर्शन या सर्वांच्या नोंदणीत दाखल्याला स्थान असले, तरी भारतात या स्थित्यंतराचे स्वरूप व्यापारचिन्हांच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) याच्या कलम २३ अन्वये नोंदणीनंतर निबंधकाने कार्यालयाची मुद्रा असलेले प्रमाणपत्र अर्जदारास द्यावयाचे असते. तथापि हक्काचा आधार म्हणजे नोंदवहीतील नोंद. प्रमाणपत्र हे तिचे केवळ प्रतिबिंब होय. न्यायालयात पुरावा म्हणून कलम १३७ नुसार नोंदींची प्रमाणित प्रत ग्राह्य धरली जाते. २००२ च्या नियमांनी तर साधे प्रमाणपत्र न्यायालयीन कामात वा परदेशी नोंदणीसाठी वापरता येणार नाही, असे स्पष्टच म्हटले होते. तरीही दुकानात चौकटीत लावलेल्या दाखल्याचा मान व्यवहारात मोठा राहिला.

नोंदवही संगणकावर ठेवण्याची मुभा कलम ६ मध्ये आहे. त्यात ‘फ्लॉपी’ व ‘डिस्केट’ यांचा नावानिशी उल्लेख आहे. ही साधने पुढे वापरातून गेली, शब्द मात्र कायद्यात टिकले. कागदी व्यवस्थेची दुर्बलता २०१०-११ च्या सुमारास उघड झाली. देशातील व्यापारचिन्ह कार्यालयांतील ४४ हजारांहून अधिक नस्त्या सापडत नसल्याचे त्या वेळी निदर्शनास आले. २०१६ च्या सुमारास प्रमाणपत्रे संगणकाद्वारे निर्माण करून पाठविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. ६ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी इलेक्ट्रॉनीय अर्जाचे शुल्क ९,००० रु. व कागदी अर्जाचे १०,००० रु. ठरविले (व्यक्ती, नवउद्यम व लघुउद्योग यांना अनुक्रमे ४,५०० व ५,००० रु.).

व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे असून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगढ हे त्याच्या मुंबई शाखेचे क्षेत्र आहे. तुर्भे वा महापे येथील कारखानदाराचा अर्जही तेथेच जातो. मात्र त्यासाठी खाडी ओलांडण्याची गरज आता उरलेली नाही.

अशा दाखल्याची विश्वसनीयता अंकीय स्वाक्षरीवर अवलंबून असू शकते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने तिला हस्ताक्षराच्या बरोबरीचे स्थान दिले. मजकुरापासून गणिती रीतीने एक लघुसंख्या काढतात व ती स्वाक्षरीकर्त्याच्या गुप्त किल्लीने बद्ध करतात. एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. छापील प्रतीवर मात्र या स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. कागदी प्रत हाती आल्यास ती मूळ नोंदीशी ताडून पाहणे हाच मार्ग होय. वाशीच्या बाजारसमितीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर येथील हापूस आंब्यास २०१८ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. परंतु अन्य प्रांतांचा आंबाही त्याच नावाने विकला जातो. बागायतदार अधिकृत वापरकर्ता आहे की नाही, हे चेन्नई येथील नोंदवहीच सांगू शकते.

अमेरिकेत १८ एप्रिल २०२३ पासून एकस्वे इलेक्ट्रॉनीय स्वरूपात दिली जातात. शोभेची कागदी प्रत वेगळे शुल्क भरून घेता येते.

या पद्धतीतील खरी जोखीम पत्त्याची आहे. २०१७ च्या नियमांनुसार ई-मेल पाठविताच तो पोचला असे मानले जाते. अर्जात बहुधा अभिकर्त्याचा पत्ता असतो. तो अभिकर्ता बदलला आणि पत्ता तसाच राहिला, तर दहा वर्षांनी येणारी नूतनीकरणाची सूचना मालकापर्यंत जात नाही. विहित सूचना न देता चिन्ह नोंदवहीतून काढता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणी २०१३ मध्ये ठरविले. सूचना पाठविली गेली पण वाचली गेली नाही, अशा मालकाला मात्र या निर्णयाचा आधार सहजासहजी मिळत नाही. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत नोंदणी पुनःस्थापित करून घेण्याचाच पर्याय त्याला राहतो.