औषध लागू पडेपर्यंत

तापावरची गोळी घेतली की तासाभरात ताप उतरू लागतो. नैराश्य या आजारावरची गोळी अशी नसते.

मेंदूतील दोन चेतापेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. एक पेशी तीत सेरोटोनिन सोडते आणि काम झाले की परत शोषून घेते. आजची बरीच औषधे हे शोषण मंदावतात. हा परिणाम काही तासांतच सुरू होतो. पण रोग्याला बरे वाटू लागायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी अधिकही. असे का, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. पहिले औषध सापडले तेही योगायोगाने! १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तर अंथरुणाला खिळलेली माणसे हसूबोलू लागली.

माझ्या थोरल्या भावाला हा आजार झाला, तेव्हा पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला यातले काहीच ठाऊक नव्हते. दादा उठेना, जेवेना. मी म्हणे, ‘मनावर घे, टेकडीवर जात जा.’ बॅटरी उतरलेल्या मोटारीला पुन्हापुन्हा स्टार्टर मारण्यातलाच हा प्रकार!

गोळ्या सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी तो म्हणाला, ‘उपयोग नाही, बंद करतो.’ डॉक्टरांनी आम्हाला याची कल्पना आधीच देऊन ठेवली होती, म्हणून निभावले. वहिनी स्वतः गोळी देत. मी रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत बसून मुलांची जर्नले तपासू लागलो. बोलण्याचा आग्रह नाही, उपदेश तर नाहीच.

तुमच्या घरी वा वर्गात असे कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका. उपचार डॉक्टरांवर सोपवा. मात्र जगणे नकोसे झाल्याचे तो बोलला, तर त्याने शपथ घातली असली तरी ते गुपित ठेवू नका. त्याला एकटे न सोडता लगेच मोठ्यांना सांगा. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येते.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. मी जर्नलात मान खुपसून बसलो होतो. दादा भिंतीकडे पाहत एकाएकी म्हणाला, ‘अरे, ते घड्याळ पाच मिनिटे मागे आहे.’ मी खुर्चीवर चढून ते लावले.