मेट्रो २०३३ (व्हिडिओ गेम)

मेट्रो २०३३ हा युक्रेनमधील ४ए गेम्स या संस्थेने विकसित केलेला आणि टीएचक्यू या अमेरिकी कंपनीने मार्च २०१० मध्ये प्रकाशित केलेला कथाप्रधान, भयरसात्मक नेमबाजीचा व्हिडिओ गेम आहे. तो रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या याच नावाच्या कादंबरीवर आधारित असून विंडोज व एक्सबॉक्स ३६० यांसाठी प्रथम उपलब्ध झाला.

कथानक

२०१३ मधील अणुयुद्धानंतर मॉस्कोतील मोजके लोक भुयारी रेल्वेत आश्रय घेऊन जगले आहेत, अशी कल्पना येथे केली आहे. नायक अर्त्योम याच्या स्थानकावर 'काळे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गूढ जीवांचे संकट येते. मदत मिळवण्यासाठी तो पॉलिस या स्थानकसमूहाकडे निघतो.

बलस्थाने

वातावरणनिर्मिती हे या खेळाचे सर्वांत मोठे बळ होय. स्थानकांवर संसार थाटलेली कुटुंबे, मुले, डुकरांचे गोठे आणि गिटारचे सूर दिसतात-ऐकू येतात. त्यामुळे बाहेरील अंधार अधिक भयावह वाटतो. पृष्ठभागावर विषारी हवेपासून वाचण्यासाठी मुखवटा लागतो. त्याची गाळणी ठरावीक वेळच टिकते आणि काचेला तडे जातात. युद्धापूर्वी बनलेली उत्तम काडतुसे हेच येथील चलन आहे. तीच बंदुकीत भरता येत असल्याने संकटसमयी झाडलेली प्रत्येक गोळी म्हणजे खर्ची पडलेला पैसा ठरतो.

उणिवा

लपून पुढे जाण्याची योजना सदोष आहे. एका शत्रूने पाहिले की अनेकदा सर्वच सावध होतात. काही शस्त्रांचा मारा दुबळा भासतो, मार्ग बहुतांशी एकेरी आहे आणि प्रगती ठरावीक टप्प्यांवरच जतन होते. प्रकरणांच्या आरंभी निवेदन करणारा अर्त्योम प्रत्यक्ष प्रसंगांत मूक राहतो. त्यामुळे संवाद एकतर्फी होतात.

नैतिक गुणांकन

भिकाऱ्याला काडतूस देणे, लोकांचे बोलणे थांबून ऐकणे अशा कृतींची खेळात गुप्त नोंद होते. पुरेसे गुण असल्यासच अखेरीस 'काळ्यां'वरील क्षेपणास्त्रहल्ला रोखण्याचा पर्याय मिळतो. अन्यथा त्यांचा संहार अटळ असतो. ते संहारासाठी नव्हे, तर संवादासाठी येत होते, हे तोवर सूचित झालेले असते. ही योजना कथेच्या आशयाशी सुसंगत आहे, कारण ऐकून घेणाऱ्यालाच येथे समजून घेण्याची संधी मिळते. मात्र खेळात तिचा कोठेही खुलासा नसल्याने, दुसरा शेवट आहे याची अनेक खेळाडूंना कल्पनाही येत नाही. गुप्तता हे म्हणूनच या योजनेचे बळही आहे आणि मर्यादाही.

पुढील भाग

मेट्रो: लास्ट लाइट (२०१३) हा पुढील भाग संहाराचा शेवट गृहीत धरून सुरू होतो. मेट्रो रिडक्स (२०१४) या सुधारित आवृत्तीत लपून खेळण्याच्या व शत्रूंच्या वर्तनाच्या त्रुटी बऱ्याच अंशी दूर करण्यात आल्या. मेट्रो एक्सोडस हा तिसरा भाग २०१९ मध्ये प्रकाशित झाला.