अलिबाग भूचुंबकीय वेधशाळा
भारतीय भूचुंबकत्व संस्थेची (मुख्यालय नवीन पनवेल) रायगड जिल्ह्यातील वेधशाळा. मुंबईतील कुलाबा येथे १८४१ पासून भूचुंबकीय वेध घेतले जात. शहरातील नियोजित विजेच्या ट्रामगाड्यांच्या विद्युत् प्रवाहामुळे नोंदी दूषित होतील, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे ही वेधशाळा सुरू करण्यात आली. जागा बदलली की मापनाची पातळीही बदलते. म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन नोंदींची सलगता राखण्यात आली. अंकीय चुंबकमापकांच्या स्वयंचलित नोंदींची आधाररेषाही निरपेक्ष मापनाने वेळोवेळी तपासावी लागते. नोंदीत एकाएकी पायरी उमटली व ती इतर वेधशाळांच्या नोंदींत आढळली नाही, तर दोष स्थानिक समजून संवेदकाची बैठक, तापमान आणि जवळपास आलेले लोखंड यांची तपासणी करतात.