कचोरीवर धावणारी बस

थंडीत इंदूरला गेलात, तर मटारची कचोरी खाल्ल्याशिवाय तुमची सुटका नाही. तिथल्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. कचोरी, भुट्ट्याचा कीस, खरपूस तळलेला गराडू! (गराडू म्हणजे मातकट सालीचा कंद. वरचा मसाला मात्र चाटूनपुसून खायचा.) खाऊन झालं की मला प्रश्न पडतो उरलेल्याचा. मटारच्या किलोभर शेंगा सोलून बघा, जवळजवळ निम्मं वजन टरफलांचंच भरतं. मग अख्ख्या शहराच्या कचोऱ्यांची टरफलं जातात कुठे?

बसच्या टाकीत!

अहो, सरळ नाही जात. इंदुरात ओला कचरा वेगळा गोळा होतो. टरफलं, सालं, कोबीचे दांडे, उष्टं-खरकटं, सगळं देवगुराडियाच्या मोठ्या प्रकल्पात पोचतं. १९ फेब्रुवारी २०२२ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हाच त्याची क्षमता होती रोज ५५० टन, म्हणजे साडेपाच लाख किलो! त्यात चुकून आलेलं प्लास्टिक बाजूला काढतात, बाकीच्याचा लगदा करतात आणि तो बंद टाक्यांमध्ये सोडतात.

या टाकीत हवेला सक्त मनाई. का? कारण मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन म्हणजे विष. त्यांचेच भाऊबंद गायीच्या पोटात राहतात, तेव्हा टाकीला एक भलंमोठं पोट म्हणायला हरकत नाही. सूक्ष्मजीवांची एक फळी लगद्याचे बारीक घटक करते, दुसरी ते आंबवते आणि शेवटची फळी त्यातून मिथेन बनवते. सोबत कार्बन डायऑक्साइड येतो आणि सडक्या अंड्यासारखा घाणेरडा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइडही. हे नको असलेले वायू काढून टाकले आणि मिथेन दाबून भरला की झाला सीएनजी. पूर्ण क्षमतेने दिवसाला सुमारे १७,००० किलो! इंदूरच्या सिटी बस त्यावर पळतात.

हिशोब केलात का? शंभर किलो कचऱ्यामागे जेमतेम तीन किलो गॅस. इतका कमी का, तर ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं. गॅस निघून गेल्यावर उरलेल्या गाळातूनही खत होतं, दिवसाला १०० टनांपर्यंत.

खतावरून आठवलं. इंदूरला हा नाद जुनाच आहे. होळकरांच्या राज्यात, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ इथल्या शेती संस्थेत होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड. कपाशीच्या आणि तुरीच्या कडक काड्यांचं करायचं काय, हा त्यांच्यापुढचा पेच. त्यांनी काय करावं? काड्या चक्क रस्त्यावर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या! मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर. ढीग आतून इतका तापायचा की हात घालायची सोय नाही. अधूनमधून तो उलथापालथा करायचा, की तीन महिन्यांत खत तयार. १९३१मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तकही निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

उलथापालथ कशासाठी? हवा आत जावी म्हणून! खड्ड्यातले सूक्ष्मजीव हवेवर जगणारे. गंमत अशी, की कचऱ्याला भरपूर हवा दिली तर खत होतं आणि हवा तोडली तर मिथेन.

आता तुम्ही विचारणारच, मग त्या बसला कचोरीचा वास येतो का? छे! शुद्ध मिथेनला कसलाच वास नसतो. म्हणून तर सीएनजीत मुद्दाम एक उग्र वासाचं रसायन मिसळतात. गॅस कुठे गळायला लागला, तर नाकाला आधी कळावं ना!